चौथं नाव

थंडी पडली की ती आधी नाकाला कळते. पहाटे द्राक्षबागांच्या बांधांवर ओला पालापाचोळा पेटवतात. जाळ नको असतो, धूर हवा असतो. तो बागेवर पसरून राहिला की दव गोठत नाही आणि मण्यांना तडे जात नाहीत. मणी या दिवसांत हरभऱ्याएवढे झालेले असतात. दिंडोरी तालुक्यातल्या या गावात मी येऊन पडलो त्याला अकरा वर्षं झाली, तरी दरवर्षी तो धूर पहिल्यांदा आला की माझी नजर शाळेकडे वळते. बाकीच्यांना त्या धुरात बाग दिसते. मला एक काळा दगड दिसतो.

यंदा धूर आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. सवयीने दोन कप पाणी घातलं, मग एक कप परत ओतून दिलं.

दगड शाळेच्या कुंपणाला लागून आहे, माणसाच्या छातीएवढा उंच, उघड्यावर. त्याच्यावर कोरलंय, ‘एकाहत्तरच्या युद्धात देशासाठी लढलेले’, आणि खाली चार नावं. ‘लढलेले’ हा शब्द वाचून नवीन माणूस थबकतो. शहीद का नाही लिहिलं, असं विचारतो. त्या एका शब्दावरून गावात दोन महिने भांडण चाललं होतं म्हणतात. एका बाईने तो दुसरा शब्द कोरू दिला नाही. ती बाई म्हणजे यमुनामावशी. चौथं नाव तिच्या नवऱ्याचं, पुंडलिकचं.

आपल्या गावचे पाच जण एकाच कंपनीत होते, असं अण्णा सांगतात. पाचवे म्हणजे अण्णाच. डिसेंबरात दगडापाशी कार्यक्रम असतो, शाळेतली पोरं रांगेत उभी असतात, आणि अण्णा माइक हातात धरून दरवर्षी तेवढंच बोलतात. वाळू होती. कालवा होता. कालव्याच्या पलीकडं त्यांची ठाणी होती. अंधार होता तोवर आपण पुढं गेलो, उजाडलं तसे आपण दिसायला लागलो. मग ते नावं वाचतात. तीन नावांनंतर पोरं ‘अमर रहे’ म्हणतात. चौथं नाव वाचून अण्णा ‘बेपत्ता’ म्हणतात, आणि पोरं गप्प राहतात. पोरांनाही ते शिकवून ठेवलेलं आहे. माणसं गप्प राहायला शिकतात तेव्हा किती भयंकर शांतता होते, ते मी त्या शाळेच्या कुंपणापाशी ऐकलं. तिघांच्या घरी लोखंडी ट्रंका आल्या होत्या, अस्थी नाहीत. पुंडलिकचीही ट्रंक आली. फरक एवढाच, की त्या तिघांच्या ट्रंकेबरोबर ‘वीरगती’ असा कागद आला होता, आणि याच्या ट्रंकेबरोबर ‘बेपत्ता, मृत समजावा’ असा.

आता रंगाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. दगडात कोरलेल्या अक्षरांत पांढरा रंग भरतात. वर्षभरात ऊन-पावसाने तो उडतो, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा भरायचा. आमच्या गावची पद्धत अशी, की ज्याचं नाव त्याच्या घरानेच ते भरायचं. एखादा पेंटर लावला तर चार नावं तासाभरात होतील, पण लावत नाहीत. कोणाचा पुतण्या येतो, कोणाची नात येते, जीभ बाहेर काढून ब्रश फिरवते, रंग अक्षराबाहेर जातो, मागून आजोबा ओरडतात, “अगं ए, वेलांटी भर, दगड नको भरू!” लोक हसतात. रंग भरायचा म्हणजे आमच्या घरातला माणूस गेला, हे आम्ही यंदाही मानतो, असा त्याचा अर्थ. ते कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून बाहेरून आलेल्याला कळायला वाव नाही.

मी बाहेरून आलेला होतो.

माझं गाव किनवटच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. सातवीनंतर शाळा सोडली आणि पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली लागलो. अक्षर कसं वळतं, कुठे जाड होतं, कुठे बारीक, ते मला चांगलं कळायचं. सगळी मिळून काय म्हणतात ते वाचायला वेळ लागायचा. पंचविशीत एका ठेकेदाराबरोबर ओझरला पत्र्याच्या शेडा रंगवायला आलो. काम संपलं, टोळी पुढे गेली, मी तापाने फणफणलो होतो म्हणून मागे राहिलो. बाळूभाऊंच्या द्राक्षबागेतले वेलींना आधार देणारे लोखंडी अँगल रंगवायचे होते. बाळूभाऊ म्हणजे मावशीच्या दिराचा मुलगा. ते मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आले आणि मावशीच्या ओट्यावर उतरवून म्हणाले, “काकू, चार दिवस टाका याला पडवीत. बरा झाला की कामाला घेतो, नाय झाला तर परत नेऊन घालतो.”

मावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “माणूस हे का वाळत घातलेला शर्ट हे?” असं म्हणाली, आणि आत जाऊन गोधडी घेऊन आली.

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. पण एक सांगतो, ज्याला दुसऱ्याच्या घरात जागा मिळते तो पूर्ण कधी झोपत नाही. भाकरी मोडताना आवाज होऊ नये म्हणून मी ती चुरून खायचो. नळ हळू सोडायचो. आपण काही विचारलं, काही चुकलं, तर कोणीतरी येऊन म्हणेल, चल, ऊठ इथून. म्हणून मी काही विचारलं नाही. मावशीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, हातात हिरवा चुडा होता, भिंतीवर फौजी पोशाखातल्या तरुण माणसाचा फोटो होता आणि फोटोला हार नव्हता. डिसेंबर लागला तशी तिने ट्रंक उघडून एक लोकरीचा स्वेटर काढला, दोरीवर उन्हात टाकला, संध्याकाळी झटकून परत ठेवला. मी सगळं पाहिलं. मोठ्या माणसांच्या भाषणात एकदा ऐकलं होतं, की लढाईत गेलेल्याची बायको विधवा होत नसते. मला वाटलं, तसंच असेल. इकडची रीत असेल.

मला घरी पत्ता कळवायला तिनेच लावलं. “आई हे ना तुला?” “हे.” “तिला ठाऊक हे का तू कुठं मेला ते?” मी नकारार्थी मान हलवली. तिने माझ्या हातातला घास खाली ठेवायला लावला. “आधी फोन कर. वाट बघायला लावू नये कोणाला. जेवण पळून चाललं नाय.”

त्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी बागेत, अँगलना शेंदरी प्रायमर मारत होतो. तिथून दगड दिसायचा. दुपारी एक घर आलं, रंग भरून गेलं. दुसरं आलं, गेलं. तिसरं आलं. चौथं नाव तसंच राहिलं. विरळणीला, म्हणजे घडांतले दाट मणी कातरायला, आलेल्या बाया कात्र्या थांबवून तिकडे बघत होत्या. मी उतरत्या उन्हात चालत जाऊन नाव वाचलं. पुंडलिक. मावशीच्या दारावरच्या पाटीत तेच नाव होतं. तिचे गुडघे दुखायचे, डोळ्यांना कमी दिसायचं. मला वाटलं, बिचारीला वाकवत नसेल आणि कोणाला सांगवत नसेल. दोन महिने जिने मला पेज पाजली, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, तिच्यासाठी मला येणारी एकच गोष्ट तिथे उरून राहिलेली होती.

मी माझा खारीच्या केसांचा ब्रश आणला. तिसऱ्या घराने ठेवलेला रंगाचा डबा उघडाच होता. तारेच्या ब्रशने शेवाळ काढलं, फुंकर मारली, आणि भरायला घेतलं. दहा मिनिटं लागली असतील. एवढं सुंदर अक्षर मी आधी कधी काढलं नव्हतं आणि नंतर कधी जमलं नाही. कोरलेल्या काठाच्या बाहेर टिपूससुद्धा गेलं नाही. बाकीची तीन नावं त्याच्यापुढे शाळकरी दिसत होती. मला इतका आनंद झाला, की घरी जाऊनसुद्धा मी काही बोललो नाही. उद्या तिला दिसेल, असं म्हणून गोधडीत हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीप्रमाणे गेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिला कार्यक्रमात पुढे बसवत नव्हते असं नाही, तीच बसायची नाही. वीरपत्नी म्हणून शाल-नारळ देतात तेही ती घ्यायची नाही. मागे बायकांत उभी राहायची. त्या दिवशी ती पोचायच्या आत बायका गोळा झालेल्या होत्या. तिला वाट करून दिली. ती दगडापर्यंत गेली. डोळे बारीक करून तिने पाहिलं, मग हात लावून पाहिलं.

गावाला वाटलं, तिनेच भरलं. ज्याचं नाव त्याच्या घराने भरायचं. म्हणजे दुसरं काय वाटणार? बेचाळीस वर्षांनी यमुनेने मान्य केलं. तिची एक म्हातारी चुलतसासू काठी टेकत पुढे आली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रडायला लागली. “बरं केलं गं बाई, सोडवलंस त्याला,” म्हणाली. मग दुसरी रडली. मग सगळ्याच. बेचाळीस वर्षं राहून गेलेलं रडणं त्या सकाळी शाळेच्या कुंपणापाशी झालं. एकीने तिच्या कपाळाकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मला तेव्हा समजलं. कोणी सांगितलं नाही. त्या एका नजरेने समजलं. दहा मिनिटांत, एका ब्रशने, मी त्या बाईला गावासमोर विधवा केलं होतं.

ती रडली नाही. ‘मी नाही भरलं’ असंही म्हणाली नाही. बायकांच्या मधोमध उभी राहून ती माणसांवरून डोळे फिरवत राहिली. मी कडेला उभा होतो, हात मागे घ्यायचे राहून गेले होते. माझ्या नखांत पांढरा रंग होता. तिने नखं पाहिली, मग मला पाहिलं, मग पदर सारखा केला. अण्णांनी नावं वाचली. चौथ्या नावापाशी ते थांबले. ‘बेपत्ता’ म्हणाले नाहीत, दुसरंही काही म्हणाले नाहीत, माइक खाली ठेवून दिला.

मी घरी येऊन पिशवी भरली. बाळूभाऊ माझ्या मागोमाग आले. एवढा सभ्य माणूस, पण त्यांचा आवाज फाटला होता. “कोणाला इचारून हात लावला रे तू? कोण तू? काय लागतो तू आमचा?”

मावशी दारात आली होती. चपला काढता काढता म्हणाली, “मी सांगितलं होतं त्याला.”

“काकू, तुम्ही?”

“हां मी. गुडघं वाकत नाय माझं. त्याला म्हटलं, भर.” मग आत जाता जाता, “आता मन फिरलं माझं. म्हातारीचं फिरतं. जा तू, बागेत फवारणी राहिली ना तुझी?”

बाळूभाऊ गेले. मी तोंड लपवून बसलो होतो. तिने ताट वाढलं. बाजरीची भाकरी, मेथी, लसणाची चटणी. मला शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या; ती भाकरी सोसवत नव्हती. ती समोर बसून राहिली. माझं ताट रिकामं झाल्यावर तिने विचारलं, “पेंटर, निघतं का रे ते?”

“निघतं, मावशी. थिनरने.”

“सगळं?”

मी तेव्हा खोटं बोललो. “सगळं,” म्हणालो.

दुपारच्या उन्हात आम्ही दोघं गेलो. बाटली तिने धरली. मी चिंध्या भिजवून घासत होतो, दाभणाने अक्षरांतला रंग खरवडून काढत होतो, थिनरच्या वासाने डोक्यात कळ येत होती. इतकं सुबक काढलेलं पुसायला तासभर लागला. दगडाचं एक असतं: वरचा रंग सुटतो, पण छिन्नीने तळाशी जे बारीक खड्डे पडलेले असतात, त्यांत गेलेला सुटत नाही. मला ते माहीत होतं. शेवटी तिने स्वतः तांब्याभर पाणी ओतलं. ओला दगड काळाच दिसतो. ती म्हणाली, “गेलं.” मीही म्हणालो, “गेलं.”

परत येताना ती म्हणाली, “वाचता येतं ना तुला?” अडखळत येतं, म्हणालो. “मंग उद्यापासून पेपर वाचून दाखव.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर पेपर. कांद्याची बातमी तिला नको असायची, निवडणूक नको, नाशकात कुठे काय झालं ते नको. “पलीकडचं हे का काही?” सीमेपलीकडून कैदी सुटले, असं असलं की मला नावं वाचावी लागायची. मासे धरायला गेलेली कोळ्यांची पोरं असायची त्यांत, चुकून हद्द ओलांडलेले असायचे. ती एकेक नाव पुन्हा म्हणायला लावायची. पुंडलिक नसायचा. “बरं, कोणाचा तरी आला ना,” म्हणायची आणि चुलीकडे जायची. दरवर्षी दिल्लीला एक अर्ज मी तिच्यासाठी लिहायचो आणि दरवर्षी त्याच अर्थाचं उत्तर यायचं. आज मी हे चार शब्द सरळ लिहू शकतो ते त्या ओट्यामुळे. शाळेने मला सातवीपर्यंत जे दिलं नाही ते एका न आलेल्या माणसाच्या शोधात मला मिळालं. याबद्दल आभार कोणाचे मानायचे? हा प्रश्न मला अजून सुटत नाही, आणि तो मनात आला की मला माझीच लाज वाटते.

ओझरच्या कारखान्यातून विमानं चाचणीला वर जातात, गावावरून वळतात. इथली जनावरंसुद्धा त्या आवाजाला सरावली आहेत. मावशी मात्र प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवून वर बघायची. विमान दिसेनासं होईपर्यंत.

तो प्रकार झाल्यानंतरच्या आठवड्यात अण्णांनी मला शेकोटीपाशी बोलावलं होतं. पहाटे धूर करायची त्यांच्या बागेची पाळी होती. त्यांनी काटकीने निखारे सारले. मग म्हणाले, “तू काय वाईट केलं नाय. पण सांगतो, तुझ्याजवळ ठेव.” काटकी खाली ठेवून ते सांगू लागले. “तो पुढं होता, मी मागं. दहा पावलं. सुरुंग फुटला. वाळू खाली बसली तर तो दिसला नाय. मी तसंच लिहून दिलं, दिसला नाय. ते खरंय. पण दिसण्यासारखं काय राहिलं नव्हतं, तेबी खरंय.” त्यांनी मूठभर ओला पाला निखाऱ्यांवर टाकला. “वीस-बावीस वर्षांचा होतो मी. तिचं लग्न होऊन आठ महिने झाल्याले. म्हटलं, एवढं तरी राहू दे तिला. मला काय ठाऊक, ती एवढं जगंल आणि एवढं धरून बसंल.”

दहा वर्षं मी ते पोटात ठेवून तिला पेपर वाचून दाखवला. कैद्यांची नावं वाचताना आवाज कापू नये म्हणून मी पेपर तोंडासमोर धरायचो. ती म्हणायची, “पेंटर, खाली घे ना जरा, ऐकू येत नाय.”

त्या वर्षापासून तिने एक नवीन सुरू केलं. आदल्या दिवशी तिन्ही घरं आपापली नावं भरायची, आणि मग मावशी तांब्या घेऊन जायची. काथ्याने चौथं नाव धुवायची, केसांतल्या आकड्याने अक्षरांतली घाण काढायची. धुऊन झालं की खाली वाकून मूठभर माती घ्यायची आणि ओल्या दगडावरून हात फिरवत राहायची. मला वाटायचं, नमस्कार करते. गावालाही तसंच वाटायचं. मी मात्र कुंपणाच्या अलीकडे थांबायचो. त्या नावाजवळ जायची माझी हिंमत नव्हती, गेल्या वर्षापर्यंत.

या श्रावणात ती गेली. आधी तीन आठवडे अंथरुणाला होती. मी फडक्याच्या घड्या ठेवत होतो, पेज पाजत होतो. सगळं तेच, फक्त जागा बदललेल्या. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, “रंग हे का शिल्लक?”

“कुठला रंग, मावशी?”

“पांढरा. मी गेल्यावर भर. मी हे तोवर नको.” थोडा दम घेऊन म्हणाली, “कोण वाट बघणारं नसलं तर कशाला त्याला तसं उभं करून ठेवायचं?”

मी काही बोललो नाही. तिने माझं मनगट धरलं. बोटांत काही जोर राहिला नव्हता. “तूच भर हां. चांगलं काढतो तू.”

गेली तेव्हा नात्यातल्या बायकांत कुजबुज झाली. काय नेसवायचं, कुंकू ठेवायचं का पुसायचं. सरकारी कागद एक सांगत होता, तिचं कपाळ एक. बाळूभाऊ बाहेर अंगणात उभे होते, तिथूनच ओरडले, “हिरवंच नेसवा! पन्नास वर्षं कोणाची छाती नाय झाली सांगायची, आता काय बोलता?” तिला हिरवं नेसवलं. मळवट भरला. ट्रंकेतला स्वेटर मी तिच्या उशाशी ठेवला, कोणी काढला नाही.

आज कार्यक्रमाचा आदला दिवस. सकाळपासून बागांवर धूर बसून होता, ऊन वर आलं तरी हलत नव्हता. तिन्ही घरं येऊन गेली. एक चिमुरडी वेलांटीत रंग ओतून गेली, पण या वेळी कोणी हसलं नाही. मग ब्रश माझ्याकडे आला. बाळूभाऊंनीच दिला. “भर,” म्हणाले. मी म्हणालो, “भाऊ, ज्याचं नाव त्याच्या घराने...” ते म्हणाले, “अकरा वर्षं कोणाच्या घरात राहिला तू?”

खुर्चीत बसलेले अण्णा ऐकत होते. आता त्यांना उभं राहता येत नाही. सगळे जरा लांब सरकले आणि मी त्या नावापाशी गेलो.

दगड कोरडा होता. पावसाने वरवरची धुऊन नेली तरी अक्षरांच्या तळाशी माती होती, गच्च, लिंपल्यासारखी. वाऱ्याने उडून बसलेली माती अशी नसते. ही बोटाने दाबून बसवलेली होती. मी आकडा घेतला, तिचाच, आणि पहिल्या अक्षराच्या तळाशी घातला. मातीची खपली निघाली, आणि खाली पांढरं होतं. दुसऱ्या अक्षरात पांढरं. शेवटच्या अक्षराच्या वळणात तर एवढं होतं, की त्याला ऊन लागून चमकलं. अकरा वर्षांपूर्वी थिनरला न निघालेला माझाच रंग.

म्हणजे तिला माहीत होतं. आकडा घेऊन दरवर्षी ती तळापर्यंत जात होती; तिला दिसलं नसेल, बोटाला लागलं नसेल, असं होणारच नाही. गावाला खालचं पांढरं दिसू नये म्हणून ती ओल्या अक्षरांत मूठभर माती दाबून बसवायची, आणि आम्ही कुंपणाजवळ उभे राहून म्हणायचो, नमस्कार करते. मी तिच्यापासून अण्णांचं बोलणं लपवत होतो, अण्णा वाळूतली सकाळ लपवत होते, आणि ती आम्हा दोघांपासून हे. पुसून टाक, असं ती मला एका शब्दात सांगू शकली असती. सांगितलं नाही. संध्याकाळी पेपर घेऊन बसायची. “पलीकडचं हे का काही?”

मला वाटलं होतं, भरताना रडू येईल. आलं नाही. रंग मात्र दोन ठिकाणी काठाबाहेर गेला, पोरीटोरींनी भरल्यासारखा. मी तो पुसून सुबक केला नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटं लागली होती, आज दुपार झाली. मधे ओझरचं विमान वरून वळून गेलं. कोणीच वर बघितलं नाही. मी बघितलं, विमान दिसेनासं होईपर्यंत, आणि मग शेवटचं अक्षर भरलं.

अण्णांनी जवळ बोलावलं. “उद्या काय म्हणू रे? ‘बेपत्ता’ म्हणू का नको?”

“नका म्हणू, अण्णा.”

त्यांनी मान हलवली. “मंग पोरांना सांगून ठेवावं लागंल,” म्हणाले.

घरी येऊन हे लिहितोय. किनवटला आईला फोन केला, जेवलो म्हणून सांगितलं, अजून जेवलेलो नाही. माझ्या नखांत पांढरा रंग आहे. ओट्यावर थिनरची बाटली आहे, चिंधी आहे. अकरा वर्षांपूर्वी त्या सकाळी मला हात मागे घ्यायचं सुचलं नव्हतं. उद्या मी पुढे उभा राहणार आहे, हात समोर धरून, नखं न धुता.